मणिपूरच्या मदत शिबिरांसाठी वस्तू पाठवाव्यात की पैसे?

घोडबंदरकर (ठाणे पश्चिम)
३ मे २०२३ रोजी मणिपुरात मैतेई आणि कुकी-झो या समाजांत उसळलेल्या संघर्षात सुमारे साठ हजार माणसांना घरे सोडावी लागली आणि त्यांतील अनेक कुटुंबांचा शिबिरांतील मुक्काम वर्षानुवर्षे लांबला. त्या निर्वासितांसाठी आमच्या सोसायटीने गणपतीच्या वर्गणीतून काही रक्कम बाजूला काढली आणि सभासदांकडे वस्तूही मागितल्या. आता क्लबहाउसमध्ये सव्वीस गोण्या पडून आहेत. चादरी, ब्लँकेटे ठीक आहेत. परंतु काल एक गोणी सोडली, तर तीत जरीच्या साड्या, एक शेरवानी, खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली आणि एकाच पायातली सँडल निघाली. हे सारे ट्रकने पाठवावे काय? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

कळंबोलीचा वाहतूकदार
माल पोहोचवणे हाच व्यवसाय असल्याने आधी रस्त्याचे सांगतो. इंफाळला जाणारे मुख्य रस्ते दोन, एक दिमापूर-कोहिमाकडून आणि दुसरा सिल्चर-जिरीबामकडून. दोन्हींवर नाकेबंदी झाली की गाडी जागच्या जागी उभी राहते आणि भाडे मात्र चढत जाते. शिवाय ‘मणिपूर’ हा एक पत्ता नव्हे. मैतेई कुटुंबांची शिबिरे प्रामुख्याने इंफाळ, बिष्णुपूर या खोऱ्यातल्या भागात, तर कुकी-झो कुटुंबांची चुराचांदपूर, कांगपोकपी या डोंगराळ भागात आहेत. एका बाजूचा चालक दुसऱ्या बाजूस जायला धजत नाही, त्यामुळे चुराचांदपूरचा माल मिझोराममधील ऐझॉलमार्गे फिरवून न्यावा लागतो. बिल्टीवर (मालाच्या वाहतूक-पावतीवर) कोणाचे नाव घालणार, हे ठरल्याशिवाय गोण्या हलवूच नका.

कॅम्प चारची नात (उल्हासनगर)
एक शब्द दुरुस्त करते. ज्यांनी देशाची सीमा ओलांडलेली नाही ते विस्थापित, निर्वासित नव्हेत. हा केवळ शब्दच्छल नाही, कारण १९५१ चा निर्वासितविषयक करार सीमा ओलांडलेल्यांपुरता आहे (त्यावर भारताची स्वाक्षरीही नाही), आणि आपल्याच देशात बेघर झालेल्यांची पहिली जबाबदारी त्यांच्या सरकारवर राहते. आमच्या घरात मात्र ‘निर्वासित’ हा शब्द पुरता मुरलेला आहे. फाळणीनंतर माझी आजी कराचीहून कल्याणच्या लष्करी छावणीत आली. त्याच छावणीचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले आणि कॅम्पचे क्रमांक आजही रिक्षावाल्यांच्या तोंडी आहेत. बराकीत गोणपाटाचे पडदे लावून कुटुंबे राहत. गहू फुकट मिळत असे, पण दळणाला पैसे नसत, म्हणून आजी त्यातलाच थोडा गहू विकत असे. तिला काय हवे आहे, हे तिला कोणी विचारलेच नव्हते.

नेरूळ स्वयंसेवक
वरील दोन्ही मुद्द्यांशी सहमत आहे. मदतकार्यात ‘स्फिअर’ नावाची किमान मानके वापरतात: दर माणशी दिवसाला पंधरा लिटर पाणी, साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा आणि वीस माणसांमागे एक शौचकूप. शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या सभागृहात शिबिर भरले की अडचण नेमकी इथेच येते, आणि ती साड्यांनी सुटत नाही. तिकडच्या मैतेई बायका फनेक (कमरेला गुंडाळायचे लुंगीसारखे वस्त्र) नेसतात, हे तर वेगळेच. मुक्काम लांबला की गरजाही बदलतात: मधुमेहाच्या गोळ्या, सॅनिटरी पॅड, मुलांची फी, विणकामासाठी सूत. यांतले बहुतेक तिथल्याच बाजारात मिळते, म्हणून पैसे पाठवणेच श्रेयस्कर. संस्था निवडताना ती दोन्ही समाजांच्या शिबिरांत काम करते का, वस्तू कोणाला पोहोचल्या याचा हिशेब देते का, एवढे आवर्जून विचारा. करसवलत हवी असल्यास आयकरात सूट देणारी देणगीची पावती (१९६१ च्या आयकर कायद्यातले कलम ८०जी) घ्या. दोन हजारांहून अधिक रोख देणगीस ती सवलत मिळत नाही.

घोडबंदरकर
सर्वांचे आभार. ‘निर्वासित’ हा शब्द सूचनाफलकावरूनही बदलतो. रविवारच्या सभेत गणपतीची रक्कम धनादेशाने देण्याचा ठराव मांडणार आहे, आणि चुराचांदपूर व बिष्णुपूर अशा दोन्हीकडे दूरध्वनी करून गरजांची यादी मागवतो. कोऱ्या चादरी तेवढ्या वेगळ्या बांधून ठेवल्या आहेत, यादीत त्या असल्या तरच जातील. शेरवानीच्या मालकाचा शोध चालू आहे.