विषय: नागपुरात फार्मर्स मार्केट कुठं भरतं?

प्रेषक: शि. दे., फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या शेवटी आम्ही पोरांना घेऊन नागपूरला जातोय, सासरी. इथं शनिवार-रविवारी फार्मर्स मार्केटला जायची सवय लागलीये आणि धाकटी आता मागे लागलीये की आजीच्या गावात पण असं असतं का. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणे आमच्याकडे भाजीचा ठेला दारासमोर येतो, बाजारात कशाला जायचं. झालं, संपला विषय.

मला पोरांना दाखवायचंय ते माणसं. इथं कसं, फ्रेस्नोकडचे हमोंग शेतकरी कारली आणि लांब चवळीच्या शेंगा घेऊन येतात, एक आजोबा फक्त मध विकतात, एक बाई फक्त मशरूम. प्रत्येकाच्या टेबलाची वेगळी गोष्ट. नागपुरात गोकुळपेठ मार्केट मला माहितीये पण तिथं सगळे पक्के दुकानदार वाटतात, भाजी चकचकीत रचलेली, सफरचंदं, ब्रोकोली वगैरे. ज्याच्या वावरात पिकलं तोच समोर बसलाय असं कुठं बघायला मिळेल? सध्या तिकडे कोण आहे?

शि.

*

प्रेषक: काका (सध्या त्रिमूर्तीनगर, नागपूर, मार्चपर्यंत)
विषय: उत्तर: नागपुरात फार्मर्स मार्केट कुठं भरतं?

शि. ताई,

मी आहे ना! हिवाळा इथंच काढतो, तिकडच्या थंडीला घाबरून नाही तर तुरीच्या शेंगांसाठी, काकूला विचार.

आता ऐक. ज्या शहरातले मोहल्लेच इतवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी आहेत त्या शहरात बाजार कुठं भरतो विचारतेस म्हणजे कमाल आहे बाप्पा. तुझ्या नवऱ्याला सांग, शुक्रवारी तलाव काही शुक्रवारी आंघोळ करायला नव्हता. आता यातले बरेच नुसते नावाचे उरलेत, इतवारी तर रोजचीच ठोक बाजारपेठ झाली, पण आठवडी बाजार मात्र अजून भरतात. मी जातो सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात. तुम्ही सासरहून सदरला जवळ असाल तर मंगळवारी बाजार बघा. पण माझं मत विचारशील तर सक्करदराच, कारण तो उमरेड रोडच्या तोंडाशी आहे, त्यामुळे उमरेड, कुही, भिवापूर अशा बाजूची माणसं बसनं, टेम्पोनं, मोटरसायकलला बोरे बांधून येतात.

एक काम कर, गेल्यागेल्या समोरच्या पालांपाशी खरेदी करू नको. बाजाराच्या तोंडाशी बसतात ते बहुतेक चिल्लरवाले. पहाटे कळमन्याला (बाजार समितीच्या यार्डात) किंवा कॉटन मार्केटला हर्रासातून, म्हणजे लिलावातून, कॅरेट उचलायचं आणि दिवसभर विकायचं. त्यांच्याकडे पंधरा प्रकार दिसतील, शिमला मिरची बारा महिने, टमाटर एका मापाचे. तसंच पुढं चालत राहा. गर्दी पातळ होते, ओटे संपतात, ताडपत्र्या संपतात, आणि नुसत्या जमिनीवर बारदाना टाकून बसलेल्या बाया दिसायला लागतात. तिथं थांब.

त्यांच्याकडे दोन किंवा तीनच वस्तू असतात. डिसेंबरात असतील तर तुरीच्या शेंगा, हरभऱ्याची भाजी, लाखोळीची (लाख डाळीच्या कोवळ्या पाल्याची) भाजी, पोपटीच्या शेंगा, थोडा सांभार (म्हणजे कोथिंबीर). काटा नसतोच पुष्कळदा, वाटे लावलेले असतात किंवा टिनाचा डबा हेच माप. मागच्या बुधवारी एक आजी होत्या, हरभऱ्याची भाजी खुडलेली अगदी कोवळी शेंड्याची, आणि त्या विकता विकताच मांडीवर फडकं घेऊन तुरीचे सोले काढत होत्या, अंगठ्याच्या नखानं शेंगेची शिवण उकलायची की दाणे थेट फडक्यात, खाली बघायची गरजच नाही, डोळे सगळे गिऱ्हाइकाकडे. भाव विचारला की आधी भाव नाही सांगत, म्हणतात "आपल्याच वावरातली हाय, काल खुडली". मग भाव. मग वरून मूठभर. आणि शेजारी ठेवलेल्या पिशवीवर फोनपेचं स्टिकर, नातवाच्या नावाचं! मी नातवाला पैसे पाठवले, आजींनी त्याला फोन लावून विचारलं आले का, त्यानं हो म्हटल्यावर मला पिशवी मिळाली.

पोरांना शिंगाडे जरूर खाऊ घाल, उकडलेले, काळ्या टरफलाचे. ते विकतात ढिवर मंडळी, म्हणजे मासेमार. भंडारा-गोंदियाकडे जे जुने मालगुजारी तलाव आहेत ना, मामा तलाव म्हणतात त्यांना, तिथं शिंगाडा आणि मासोळी दोन्ही त्यांचंच काम. म्हणजे शेत नाही पण पीक काढणारा तोच, पाण्यात उतरून. तुझ्या मशरूमवाल्या बाईच्या तोडीचा माणूस आहे तो.

काका

*

प्रेषक: म. जो., सॅन होजे

काका, वर्णन भारी, तोंडाला पाणी सुटलं, पण मला जरा शंका आहे. "आपल्याच वावरातली" हे सगळेच म्हणतात हो! मी दोन वर्षांपूर्वी गेलो होतो तेव्हा एकजण "गावरानी, घरची" म्हणून जे टमाटर देत होता त्याच्या खालच्या कॅरेटवर अडत्याचा शिक्का होता, मी बघितला. इथं तसं चालत नाही. कॅलिफोर्नियात सर्टिफाइड फार्मर्स मार्केट ही भानगड 1977 पासून आहे, काउंटीच्या कृषी आयुक्ताचं सर्टिफिकेट स्टॉलवर लावावं लागतं, त्यावर कोणतं पीक किती जागेत हे लिहिलेलं असतं, आणि दुसऱ्याकडून आणून त्या सर्टिफाइड भागात विकता येत नाही. सर्टिफिकेटवर गाजर नसेल आणि टेबलावर गाजर असेल तर विचारणारा माणूस येतो. नागपुरात कोण विचारतो? त्यामुळे शि. ताई, पोरांना हौसेनं दाखवा पण फार्मर्स मार्केट म्हणून नका सांगू, तो आपला बाजार आहे, बस.

आणि स्वच्छतेबद्दल काही लिहीत नाही, काका रागावतील.

म.

*

प्रेषक: काका

मनोहारी मत आहे तुझं, रागावलो नाही. स्वच्छतेचं लिही खुशाल, बाजार उठल्यावर पानकोबीच्या पाल्यात गाई आणि मी एकत्रच उभे असतो.

पण सर्टिफिकेटच्या गोष्टीवर थोडं. तिकडे कागद बघून ओळखायचं, इथं माल बघून. कसा ओळखायचा सांगतो, जे मला इथल्याच बायांनी शिकवलं. एक, माल एका आकाराचा नसतो, वांगी असतील तर चार लहान, एक मोठं, एक वाकडं, कारण हर्रासाला न्यायच्या आधी निवड होते आणि इथं निवड झालेलीच नसते. दोन, मोसमाबाहेरचं काही नसतं. तीन, आणि हे खरं, त्याला पिकाचं विचार. किती दिवसांची आहे, पाणी कुठलं, यंदा अळी पडली का. विकणारा फक्त विकणारा असेल तर दोन वाक्यांत आटपतो, पिकवणारा असेल तर तुझी सुटका नाही. यंदाच्या पावसापासून सुरू होतो, मग जंगली डुकरं, मग लाइट रात्रीच देतात म्हणून पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं, मग पोराचं लग्न जमत नाही शेती आहे म्हणून. मागे गिऱ्हाइकं उभी असली तरी सांगतोच. चार, संध्याकाळी त्याला शेवटची बस पकडायची असते, मग उरलेलं सगळं उकतं देऊन टाकतो. चिल्लरवाला नाही देत, तो उद्या दुसऱ्या बाजारात बसणार असतो.

आणि कायद्यानं इथं काही झालंच नाही असं नाही. 2016 मध्ये राज्य सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, म्हणजे शेतकऱ्यानं माल यार्डातच नेला पाहिजे ही सक्ती गेली, आणि त्याच वर्षी पणन मंडळानं संत सावता माळींच्या नावानं शहरांत शेतकरी आठवडी बाजार सुरू केले, थेट शेतकरी ते ग्राहक. चांगलीच गोष्ट आहे. पण मला विचारशील तर तिथं मला करमत नाही, कारण तिथं नुसती भाजी. बुरड नाही, कुंभार नाही, सुकटवाली नाही.

बुधवारी बाजारात बुरडाकडे सूप आणि परड्या, काकूनं यंदा सूप घेतलं, आता तिकडे सामानात कसं बसवणार देव जाणे. कुंभाराकडे मटका रोटीसाठी लागतं ते मडकं मिळतं, पालथं घालून खाली जाळ करायचा आणि सैल भिजवलेली लोकवनची कणीक हातावर कोपरापर्यंत लांबवून वर टाकायची. रोटी करणाऱ्या बायांना मी मडक्यावर टिचक्या मारून आवाज ऐकताना पाहिलंय, चार बाजूला ठेवतात तेव्हा एक घेतात. तो कुंभार काही बोलत नाही, मान फिरवून बसतो. मिरचीवाल्याकडे भिवापुरी म्हणून जे मिळतं ते सगळंच भिवापुरी नसतं हे खरं (म. जो. खूश), तिला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय पण संकरित वाणांपुढे अस्सल लागवड कमी उरलीये, त्यामुळे अस्सल पाहिजे तर ओळखीनंच. वायगावची हळद, वर्धा जिल्ह्यातली, तिलाही जीआय आहे, पण ताई, डिसेंबरात घेतलीस तर ती मागच्या सालची असणार, नवी यायला मार्च उजाडतो.

आणि चिल्लरवाल्यांना एवढं हिणवायचं काम नाही. पहाटे तीनला उठून कळमना गाठणारी बाई उधारीवर माल उचलते, ऊन झालं की अर्धी भाजी तिची सुकते, नुकसान तिचंच. आणि आलू-कांदे ती नसती तर कुणाकडून घेतले असते? कुहीची आजी आणणार आहे का नाशिकचा कांदा? बाजार भरतो तो दोघींमुळे. तुमच्याकडे तिला आतच येऊ देत नाहीत, मला ते नाही पटत.

काका

*

प्रेषक: व. पां., डब्लिन, कॅलिफोर्निया (पूर्वीची नागपूरच्या महालातली)

काका तुम्ही पावसाळ्यात कधीच नसता म्हणून अर्धा बाजार तुम्हाला माहीतच नाही! काटवलं (करटोली), तरोटा (टाकळा), वास्ते (बांबूचे कोंब), आणि सातिया, म्हणजे रानातल्या छत्र्या, मशरूम. सातियासाठी तर मटणाच्या वरचा भाव देतात लोक आणि तरी अकरा वाजेपर्यंत संपतात. रानातून गोळा करणाऱ्या बाया घेऊन येतात, पळसाच्या पानात बांधून. त्यांच्याकडे ना वावर ना सर्टिफिकेट, म. जो. दादा त्यांना कुठल्या टेबलावर बसवणार तुम्ही? आई सांगायची सातिया घेताना ओळखीच्या बाईकडूनच घ्यायची कारण रानातली सगळीच छत्री खायची नसते. म्हणजे तिथं विश्वास म्हणजे नुसता गोड बोलायचा शब्द नाही, जिवाशी गाठ आहे.

शि. ताई, लाखोळीची भाजी तुझ्या सासूबाईंकडूनच करवून घे, ताक घालून. लाखोळीच्या डाळीचं मात्र वेगळं, ती रोजच्या रोज महिनोन्महिने खाल्ली की पाय लुळे पडतात म्हणून तिच्या विक्रीवर बंदी आलेली, दुष्काळात लोक तीच खायचे त्यातून ते सगळं. पाल्याची भाजी एकदोनदा खायला काही हरकत नाही.

संत्र्यांचं कुणीच नाही लिहिलं, नागपूरकर ना तुम्ही? डिसेंबरात आंबिया बहाराचा (हिवाळी फुलोऱ्याच्या पिकाचा) शेवट असतो. मृगाचा (पावसाळी फुलोऱ्याचा) संत्रा फेब्रुवारीनंतर, आणि तो जास्त गोड, यावर माझं नि माझ्या भावाचं अजून भांडण आहे.

व.

*

प्रेषक: शि. दे.

काका, व. ताई, म. दादा, खूप खूप धन्यवाद, प्रिंट काढून ठेवलंय सगळं. तिकिटं 19 ची आहेत त्यामुळे बुधवार नक्की मिळतो. नवरा म्हणतोय तो पण येणार, बाजाराच्या शेपटापर्यंत चालत जायला तयार आहे म्हणे पण तर्री पोहा आधी.

एकच, येताना काय काय आणता येईल? धाकटीला आजीच्या गावची संत्री आणायची आहेत तिच्या टीचरला द्यायला.

*

प्रेषक: म. जो.

संत्री अजिबात नाही! ताजी फळं, त्यात लिंबूवर्गीय तर नाहीच, विमानतळावर काढून घेतात आणि आधीच सांगितलं नाही तर वर दंड. दळलेली हळद, तिखट चालतं पण जे काय खायचं सामान असेल ते सांगून टाकायचं. टीचरला संत्रा बर्फी द्या.

आणि काका, भिवापुरीवाला ओळखीचा असेल तर माझ्यासाठी एक किलो, दळून. पैसे तुमच्या नातवाला पाठवतो.

*

प्रेषक: काका

पाठव. पण नवी मिरची फेब्रुवारीत येते, तोवर थांब. आणि सूप कुणाच्या सामानात बसतं का ते सांगा रे.