व्हिक्टोरियाच्या चर्चचे मनोरे फोटोत मागे कलतात, काय करू?

माळवाट:
नमस्कार मंडळी. मी विचिटाला राहतो. गेल्या शनिवारी गाडी काढून पश्चिम कॅन्ससमधल्या व्हिक्टोरियाला गेलो, सेंट फिडेलिसचं चर्च बघायला. मैलोन् मैल गव्हाची शेतं, झाड औषधालाही नाही, आणि एकाएकी समोर दोन मनोरे. १४१ फूट उंच! गाव जेमतेम बाराशे वस्तीचं. रशियातल्या व्होल्गाकाठून आलेल्या जर्मन शेतकऱ्यांनी ते १९०८ ते १९११ मध्ये बांधलं. बारा वर्षांवरच्या प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला ४५ डॉलर आणि सहा गाड्या दगड आले होते.

माझे आजोबा वाईकडे पाथरवट होते. त्यांनी घडवलेल्या चिऱ्यावरून हात फिरवला की टाकीचे घाव बोटांना लागायचे. इथल्या पिवळसर चुनखडीवर हात ठेवला आणि अगदी तसंच लागलं. बराच वेळ तिथून पाय निघेना. आईला हे फोटो पाठवायचेत, म्हणून ते नीट यायला हवेत.

अडचण अशी: १६-३५ मिमीच्या रुंद कोनाच्या लेन्सने पायऱ्यांजवळून काढलेत, तर मनोरे मागे पडताहेत असं दिसतं. सॉफ्टवेअरमध्ये सरळ करायला गेलो तर टोकांवरचे क्रॉस कापले जातात. आत रंगीत काचांच्या खिडक्या सगळ्या पांढऱ्याफटक आल्यात.

उभीरेघ:
कॅमेरा वर कलवू नका, त्यानेच मनोरे मागे पडल्यासारखे दिसतात; त्यापेक्षा मागे सरका. फुल फ्रेमवर (३६×२४ मिमी सेन्सरचा कॅमेरा) २४ मिमी लेन्स, कॅमेरा उभा धरलेला आणि अगदी लेव्हलमध्ये, तर १४१ फूट उंची मावायला साधारण १८५ फूट अंतर लागतं. क्रॉसच्या वर थोडं आकाश हवं, तेव्हा २०० धरा. खालच्या अर्ध्या भागात नुसती जमीन येईल, ती घरी कापा. तेवढी जागाच नसेल तर थोडा वर कलवून काढा, पण चारी बाजूंनी भरपूर मोकळं सोडा, म्हणजे सरळ करताना क्रॉस वाचतील. जमल्यास शिफ्ट लेन्स (कॅमेरा न कलवता उंच इमारत सरळ टिपणारी) भाड्याने घ्या.

खिडक्यांसाठी स्पॉट मीटर (फ्रेममधल्या छोट्या ठिपक्यापुरताच उजेड मोजणारं) काचेवरच ठेवा, भिंती काळ्या पडल्या तर पडू देत. दुसरा फोटो भिंतींसाठी, मग दोन्ही जोडा. ढगाळ दिवशी काचांचे रंग जास्त सारखे येतात. ट्रायपॉडसाठी आधी विचारून घ्या. मास, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, चालू असताना मात्र कॅमेरा बॅगेतच.

पोस्टरॉक:
दादा, मी हेजला सहा वर्षं होते, व्हिक्टोरिया तिथून दहा मैलांवर. समोरचा फोटो सगळेच काढतात. तुम्ही गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्यावर जा. या भागात लाकूड नव्हतं, म्हणून शेतांच्या कुंपणाला दगडी खांब रोवायचे. खाणीतून काढल्यावर हा दगड मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. मधून लोहाच्या गंजाची एक तपकिरी रेघ जाते. चर्चचा दगडही त्याच जातीचा.

असा एखादा खांब जवळ घ्या आणि मागे एक-दीड मैलावर मनोरे, ७०-२०० मिमीच्या झूम लेन्सच्या लांब टोकाने. इतक्या लांबून कॅमेरा वर करावाच लागत नाही, त्यामुळे मनोरे सरळच येतात. मी जूनमध्ये जायचे, कापणीच्या तोंडावर, सूर्य मावळायच्या तासभर आधी. वारा फार असतो, ट्रायपॉडला बॅग अडकवा. आणि शेतात पाय टाकू नका, उभं पीक असतं.

माळवाट:
ताई, खांबाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रविवारी परत गेलो. रेघ इतकी ठळक होती की जवळून तिचाच वेगळा फोटो काढला, टाकीच्या घावांसकट. आईला आधी तोच पाठवला. तिचा लगेच फोन आला. म्हणाली, हा दगड बाबांनी दोन दिवसांत घडवला असता.

समोरून २०० फुटांवरून काढलेलाही खाली डकवतोय. क्रॉस दोन्ही आलेत. खिडक्या अजून जमल्या नाहीत, ढगाळ दिवसाची वाट बघतोय.