उपग्रहाच्या चित्रात ढग पांढराशुभ्र, पण तासगावात पाऊस नाही: हे चित्र वाचायचे तरी कसे?

प्रश्न : द्राक्ष बागायतदार, तासगाव

नमस्कार. ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा (कोवळी फूट) फुटू लागला की आमचे सगळे लक्ष आभाळाकडे असते, कारण पाने कोवळी असताना पाऊस लागला तर डाऊनी हा बुरशीचा रोग आवरत नाही आणि फवारणीनंतर तासाभरात सर आली तर औषध धुऊन जाते. म्हणून रात्री झोपण्यापूर्वी मी हवामान खात्याच्या संकेतस्थळावर इन्सॅट या भारतीय उपग्रहाचे चित्र पाहतो. कित्येकदा तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यावर ढग पांढराशुभ्र दिसतो आणि सकाळी जमीन कोरडी असते. उलट जुलै-ऑगस्टमध्ये कोयनेच्या पाणलोटात धो धो कोसळत असताना चित्रात तिथे नुसता करडा पट्टा दिसतो. असे असेल तर या उपग्रहांवर एवढा खर्च कशासाठी होतो आणि माझ्यासारख्याने ते चित्र पाहावे की नाही, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ : निवृत्त भूगोल प्राध्यापक, सातारा

आपली दोन्ही निरीक्षणे बरोबर आहेत आणि दोन्हींचे कारण एकच आहे. रात्रीचे चित्र अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांचे असते आणि त्यातला पांढरा रंग पाऊस दाखवत नाही, तर ढगाचा माथा किती थंड आहे ते दाखवतो. परतीच्या पावसातला गडगडाटी ढग बारा किलोमीटरच्याही वर जातो, त्याच्या माथ्याचे तापमान उणे साठ अंशांच्या खाली उतरते, आणि त्या माथ्यावरचा हिमकणांचा पातळ पसारा वरच्या वाऱ्याने दूरवर वाहत जातो. पाऊस जतमध्ये पडून गेलेला असतो आणि पांढरा पसारा मात्र आपल्या बागेवर आलेला असतो. दिवसा दृश्य प्रकाशातले चित्र शेजारी ठेवून पाहिले तर हा फरक लगेच कळतो, कारण पातळ पसाऱ्यातून खालची जमीन पुसटशी दिसते आणि खरा जाड ढग दोन्ही चित्रांत ठळक असतो.

कोयनेची गोष्ट याच्या उलट आहे. अरबी समुद्रावरचा ओला वारा सह्याद्रीवर आदळून वर चढतो तेव्हा तयार होणारे पावसाळी ढग पुष्कळदा पाच-सहा किलोमीटरपेक्षा उंच जात नाहीत. त्यांच्यात बर्फ फारसा नसतोच. थेंब थेंबाला मिळून मोठा होतो आणि कोसळतो. माथा उबदार असल्यामुळे उपग्रहाला तो करडा दिसतो, आणि माथ्याच्या तापमानावरून काढलेला पावसाचा अंदाजही घाटमाथ्यावर हमखास कमी भरतो. महाबळेश्वरला २०१२ पासून ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा चालते ती उगाच नव्हे.

आणखी एक बारकावा, जो सहसा कोणी सांगत नाही. इन्सॅट-३डीआर हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर, ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे. म्हणजे तो आपल्याकडे जवळजवळ थेट दक्षिणेकडून तिरका पाहतो. दुरुस्ती केलेली नसेल तर बारा किलोमीटर उंचीचा माथा नकाशावर चार-पाच किलोमीटर उत्तरेला सरकलेला दिसतो. शिवाय अवरक्त चित्राचा एक ठिपका चार किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद असतो, त्यात दोन-तीन गावांची शिवारे सहज मावतात. तेव्हा आपल्या बागेपुरते उत्तर त्या चित्रात शोधू नये. अर्ध्या अर्ध्या तासाची चार-पाच चित्रे ओळीने पाहून ढग कोणत्या दिशेने सरकतो आणि त्याचा माथा अजून थंड होत चालला आहे की विरत चालला आहे, एवढे पाहावे. तेवढ्यावरून पुढच्या दोन तासांत फवारणी करायची की थांबायचे, याचा बरा अंदाज येतो.

उत्तर २ : शेतकरी, मिरज

प्राध्यापक साहेबांचे म्हणणे मान्य आहे, पण शेतकऱ्याला शेवटी रडारच पाहावे लागते. ढगाच्या पोटात पाणी किती आहे ते रडारला दिसते. उपग्रह वरून टोपी पाहतो, डोके नाही.

उत्तर १ चे लेखक, सातारा

रडार जवळ असेल तर आपले म्हणणे शंभर टक्के खरे आहे. मात्र गोव्याच्या रडारपासून सांगली सरळ रेषेत सुमारे १७० किलोमीटर आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे तिथला किरण सांगलीवर येईपर्यंत जमिनीपासून तीन किलोमीटरच्या आसपास वर गेलेला असतो आणि वाटेत सह्याद्रीही आडवा येतो. त्यामुळे उंच गडगडाटी ढग रडारला सापडतात, पण खालच्या थरातली रिपरिप निसटते. दोन्ही चित्रे पाहावीत हे उत्तम.

खर्चाचा प्रश्न राहिला. चित्र हा या उपग्रहांचा सर्वांत दिसणारा भाग आहे, पण सर्वांत मोठा उपयोग माझ्या मते दुसरीकडेच आहे. १७ फेब्रुवारी २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या इन्सॅट-३डीएसवर किरणांच्या सहा पट्ट्यांत चित्रे घेणारा प्रतिमक आहे, तसाच एकोणीस पट्ट्यांचा ध्वनित्रही आहे. नाव ध्वनित्र असले तरी आवाजाशी त्याचा संबंध नाही. निरभ्र जागी हवेच्या वेगवेगळ्या थरांत तापमान आणि बाष्प किती आहे, हे तो मोजतो. लागोपाठच्या चित्रांत ढग किती सरकले यावरून समुद्रावरच्या वाऱ्याचा वेगही काढला जातो. अरबी समुद्रावर मोजणी केंद्रे जवळजवळ नाहीतच, त्यामुळे अंदाज काढणाऱ्या संगणकी प्रारूपाला तिथली माहिती मुख्यतः उपग्रहच पुरवतात. आपण वाचता तो पाच दिवसांचा अंदाज त्यातूनच तयार होतो.

उत्तर ३ : कृष्णाकाठचा रहिवासी, सांगली

पुराबद्दल थोडे लिहितो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पूर येतो तेव्हा आभाळ भरलेलेच असते, म्हणून बुडालेला भाग मोजायला इन्सॅटची चित्रे कामाची नसतात. त्यासाठी रडार बसवलेला उपग्रह लागतो. आपल्याकडे १४ फेब्रुवारी २०२२ रोजी सोडलेला ईओएस-०४ हे काम करतो, कारण त्याचे किरण ढगांतून आरपार जातात. साचलेले संथ पाणी त्या चित्रात काळे दिसते. आपल्या भागातली अडचण अशी की उभ्या उसात कमरेएवढे पाणी असले तरी वरचा पाला किरण परतवतो आणि शेत कोरडे असल्यासारखे दिसते. पंचनाम्याला माणसाने शिवारात जावे लागते ते याचमुळे.

प्रश्नकर्ता, तासगाव

सर्वांचा आभारी आहे. फळपीक विम्यासाठी हे चित्र पुरावा म्हणून चालेल का?

उत्तर १ चे लेखक, सातारा

नाही. हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाई ठरते ती नेमून दिलेल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर. आपल्या महसूल मंडळाचे केंद्र कोठे आहे ते पाहून घ्यावे. पर्जन्यमापकाच्या तोंडावर झाडाची फांदी आली असेल किंवा नरसाळ्यात पाला अडकला असेल, तर छाटणीच्या आधीच सहायक कृषी अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे कृषी सहायक) लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी.