पीएच.डी.साठी विद्यापीठ बदलावं का? खान्देशकरांनो, अनुभव सांगा

एम.ए. जळगावच्या विद्यापीठातून झालं. पेट (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा) इथलीही निघाली, पुण्याचीही. इथल्या मॅडम ओळखीच्या, गाईड व्हायला तयार. पुण्याच्या सरांचा विषय माझ्या विषयाच्या जास्त जवळचा, पण माणूस अनोळखी. घरचे म्हणतात, जवळचं सोडून कशाला? मित्र म्हणतात, जळगावचा शिक्का मुलाखतीत चालेल का? उपदेश नको, तुमच्या बाबतीत काय झालं ते लिहा.

भुसावळ, रसायनशास्त्र
मी पुण्याला गेलो ते निव्वळ उपकरणांसाठी. आमच्या सेंटरवरून एनएमआर (रेणूची रचना ओळखायची चाचणी) साठीचे नमुने बाहेर पाठवायचे आणि रिपोर्टची वाट बघत बसायचं. पुण्यात ते थांबणं संपलं. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची सरकारी फेलोशिप होती, महिना ३७,००० मिळायचे, म्हणून निभावलं. फेलोशिप नसेल तर खोलीभाडं आणि मेसचा हिशोब आधी मांड.

धुळे, इतिहास
माझी गंमत उलटी. मोठं नाव म्हणून पुण्यात नोंदणी केली आणि कागदपत्रं निघाली धुळ्यात! राजवाडे संशोधन मंडळ घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, रामदासी हस्तलिखितं धुळ्यातल्याच समर्थ वाग्देवता मंदिरात. म्हणजे राहायचं धुळ्यात आणि प्रोग्रेस रिपोर्टला पुणे. विद्यापीठ बदललं नाही, कारण गाईड भला माणूस. मजकूर मेलवर वाचून द्यायचे, सहीसाठी कधी ताटकळत ठेवलं नाही.

अमळनेर, आता नाशिक
मी मध्येच बदललं, लग्नामुळे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत लग्नामुळे किंवा इतर कारणाने गाव बदलणाऱ्या संशोधक महिलेला तिचं काम नव्या विद्यापीठात नेता येतं. अट अशी, की ते जुन्या संस्थेच्या किंवा गाईडच्या निधी मिळालेल्या प्रकल्पाचा भाग नसावं, आणि आधीच्या कामाचं श्रेय त्यांना द्यावं. कागदावर एवढंच. पण खिडकीवरच्या बाबूला हे कलम माहीत नव्हतं, मी प्रिंट काढून नेली. जुन्या गाईडची एनओसी, मायग्रेशन सर्टिफिकेट, कोर्सवर्कचे (सुरुवातीच्या सक्तीच्या अभ्यासक्रमाचे) क्रेडिट धरले जातील का याचं पत्र, नवा गाईड, सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) पुन्हा कमिटीपुढे. शिवाय पीएच.डी. पुरी करायची मुदत. एरवी सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन, बायकांना त्यावर अजून दोन. नव्या ठिकाणी ती कुठपासून मोजणार, हे लेखी घ्या. माझे सासरे म्हणाले होते, 'कागद पक्का करी ले, मंग जाय.' तेवढं ऐकलं म्हणून वाचले.

जिल्हा सांगत नाही
गाईडशी पटेना. विद्यापीठ सोडायचं ठरवून अर्जही लिहिला होता. मग विभागातल्याच दुसऱ्या मॅडमनी घेतलं. टायटल तेच राहिलं, कोर्सवर्क पुन्हा करावं लागलं नाही. खूप जणांना बदलायचा असतो गाईड आणि ते बदलतात विद्यापीठ.

नंदुरबार, भाषा
पावरी बोलीवर काम, माहिती देणारी माणसं धडगावकडची. सुरतही जवळ होतं, पण गुजराती विद्यापीठात प्रबंध मराठीत चालेल का, इथून सुरुवात झाली असती. जळगावलाच राहिलो.

चाळीसगाव, निवृत्त प्राध्यापक
जळगावचं विद्यापीठ १९९० चं. त्याआधी आम्ही सगळे पुण्याचेच, एकेका सहीसाठी रात्रीची गाडी धरायचो. शिक्क्याचं म्हणाल तर मी निवड समित्यांवर बसलोय. नाव बघून भुवई उंचावणारे एक-दोघे असतात, खोटं कशाला बोलू. पण प्रश्न प्रबंधातले सुरू झाले की पोरगं स्वतः बोलतंय की गाईडचं पाठ केलेलं, हे लगेच कळतं. तुम्ही वेगळंच तपासा. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरलेल्या गाईडला नवा विद्यार्थी घेता येत नाही. प्राध्यापकाला एका वेळी आठ विद्यार्थी, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायकाला चार, यापुढे जागा नाहीत. तोंडी 'हो' म्हणणाऱ्याकडे जागा आहे का, विचारलंत? आणि पुण्याच्या सरांचे आत्ताचे विद्यार्थी काय म्हणतात?

धागा काढणारा
सर, मॅडमना अजून बरीच वर्षं आहेत, पण जागेचं विचारलंच नव्हतं. उद्या विचारतो. पुण्याच्या सरांकडच्या एका मुलाचा नंबर मिळालाय, रविवारी फोन करणार आहे. अमळनेरच्या ताई, क्रेडिटच्या पत्रासाठी अर्ज कुणाच्या नावे केला होतात?