नॉरफोकच्या इतिहासात ब्लूमफील्ड कुठे थांबतो आणि पुढचं कोणाचं?

ब्यूरकाठची

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडच्या नॉरफोक काउंटीत (जिल्हाच म्हणा) एल्शमला राहतो, नॉरिचच्या वरच्या अंगाला (लिहिताना त्यात डब्ल्यू आहे, पण तो उच्चारला की इथले लोक गालात हसतात). लेकीला शाळेत ‘आपलं गाव’ असा प्रोजेक्ट दिलाय म्हणून मी माहिती शोधायला बसले आणि आता प्रोजेक्ट राहिला बाजूला, मीच अडकलेय. कुठलंही जुनं चर्च घ्या, लायब्ररीतलं कुठलंही पुस्तक उघडा, शेवटी गाडी ब्लूमफील्डवर, म्हणजे अठराव्या शतकात नॉरफोकचा इतिहास लिहिणाऱ्या त्या पाद्र्यावर. म्हणून नेटवर त्याचे अकरा खंड शोधले, फुकट आहेत. खाली दक्षिणेला डिस गावाच्या आसपासची खेडी वाचताना मजा आली, एकेका थडग्यावरचा मजकूर, खिडकीच्या काचेवर कोणाचं चिन्ह होतं, कुठला पाद्री कधी आला, सगळं. पण सहाव्या खंडात आमच्या भागाशी पोचले तर मला तरी हात आखडता घेतल्यासारखं वाटलं. बरं, ब्लूमफील्ड वारला 1752 ला आणि मूळ पुस्तक छापून पूर्ण झालं 1775 ला. मग एल्शमचं लिहिलं कोणी? वेबसाइटवर सगळ्या खंडांवर नाव त्याचंच आहे. वहीत ‘ब्लूमफील्डच्या मते’ लिहायचं का नाही एवढंच सांगा, लेक मागे लागलीये.

जुनं_दफ्तर

नुसतं ‘ब्लूमफील्डच्या मते’ नका लिहू :) त्याचं राहिलेलं काम पार्किनने पुरं केलं, आणि एल्शमची पानं नेमकी कोणाची हे मी छातीठोक सांगणार नाही. चार्ल्स पार्किन, ऑक्सबरोचा रेक्टर, म्हणजे तोही पाद्रीच. वेबसाइटवरचे अकरा खंड ही 1805 ते 1810 मध्ये निघालेली नंतरची आवृत्ती, त्यामुळे कोणाचं कुठे संपलं ते पटकन दिसत नाही. मूळचे मोठे पाच खंड, त्यातला तिसरा चालू असताना ब्लूमफील्ड गेला.

आता हा माणूस कसा होता ते थोडं सांगतो, कारण त्याशिवाय तुमच्या ‘हात आखडता’चं उत्तर मिळणार नाही. जन्म 1705, गाव फर्सफील्ड, डिसजवळचंच. केंब्रिजला शिकला आणि 24 व्या वर्षी आपल्याच गावच्या चर्चचा रेक्टर झाला. जुने कागद, शिलालेख उतरवून घ्यायचा नाद आधीपासून होताच. त्यात पीटर ली नीव नावाच्या वंशावळी बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने आयुष्यभर नॉरफोकचे कागद जमवून ठेवले होते, तो 1729 ला वारला आणि ते सगळं घबाड ब्लूमफील्डला वापरायला मिळालं. मग 1733 च्या सुमारास गड्याने ठरवलं की अख्ख्या काउंटीचा, गावागणिक इतिहास लिहायचा. ठिकठिकाणच्या पाद्र्यांना प्रश्नांची यादी पाठवली, वर्गणीदार गोळा केले, आणि कहर म्हणजे छापखानाच स्वतःच्या गावात आणून ठेवला. पहिल्या खंडावर छापल्याचं ठिकाण लंडन नाही, फर्सफील्ड आहे, साल 1739. आधी हप्त्याहप्त्याने काढायचा, मग खंड बांधायचा.

काउंटीचे जुने विभाग म्हणजे हंड्रेड, आपल्याकडच्या तालुक्यासारखे समजा. त्याने सुरुवात केली स्वतःच्या डिस हंड्रेडपासून, तिथे तो घोड्यावरून कधीही जाऊन येऊ शकत होता, म्हणून तुम्हाला तिथली पानं भरगच्च वाटली. दुसरा अख्खा खंड नॉरिच शहरावर गेला, तो संपायला 1745 उजाडलं. तिसरा चालू होता तेव्हा लंडनला कागद बघायला गेला, तिथून देवी घेऊन आला आणि जानेवारी 1752 मध्ये संपला. वय 46. डोक्यावर कर्ज. एल्शम साउथ अर्पिंगहॅम हंड्रेडमध्ये येतं, त्यातलं किती त्याच्या हातून झालं ते मला नक्की माहीत नाही.

पार्किनने नेटाने पुढे ओढलं पण तोही 1765 ला गेला, त्याचे शेवटचे खंड त्याच्या पश्चात किंग्ज लिनच्या एका पुस्तकविक्रेत्याने बाहेर काढले. जाणकार पार्किनला ब्लूमफील्डच्या खाली ठेवतात. मला ते थोडं अन्यायाचं वाटतं, दुसऱ्याचा अर्धा राहिलेला संसार चालवणाऱ्याला कोण शाबासकी देतो? पण वाचताना फरक जाणवतो हे खरं.

पोतंभर_पत्रं

वर एक गोष्ट राहिली आणि ती नेमकी धागाकर्तीच्या दारातली आहे. एल्शमपासून ऑक्सनेड किती लांब, चार-पाच किलोमीटर असेल, ब्यूर नदीच्या काठाने. तिथे पास्टन घराण्याचा वाडा होता. शेवटचा अर्ल 1732 ला कर्जात बुडून आणि वारस न ठेवता गेला, आणि 1735 मध्ये ब्लूमफील्ड त्या वाड्याच्या दप्तराच्या खोलीत जवळजवळ पंधरा दिवस बसला होता, कागद लावत. त्याचं त्या वेळचं पत्र आहे, त्यात म्हणतो की इतिहासाच्या कामाची असंख्य पत्रं सुट्या कागदांत पडलीयेत, मी त्यांचा कोपऱ्यात ढीग करून ठेवलाय, कित्येक पोती भरतील एवढा. त्या ढिगातून पुढे निघाली ती पास्टन लेटर्स, 1422 ते 1509 या काळातली, इंग्लंडमधल्या एका कुटुंबाची हजारावर पत्रं आणि कागद. राजकारण, जमिनीचे कज्जे, बाजारहाट, सगळं.

आता त्यांचा प्रवास बघा. ब्लूमफील्डकडे आलेल्यातली बरीच त्याच्यानंतर टॉम मार्टिनकडे गेली, शेजारच्या सफक काउंटीतल्या पॅलग्रेव्हचा. हा म्हणजे वर जो ली नीव आला त्याच्या मृत्युपत्राचा व्यवस्थापक, आणि त्याने ली नीवच्या विधवेशीच लग्न केलं. ली नीवने लिहून ठेवलं होतं की माझे कागद नॉरिचमध्ये लोकांना बघता येतील असे ठेवा, ते काही मार्टिनने केलं नाही. लोक त्याला ‘ऑनेस्ट टॉम’ म्हणायचे, हसावं का रडावं. दारू आणि देणी यापायी संग्रह विकत विकत गेला, 1771 ला तो वारल्यावर पत्रं डिसच्या एका औषधविक्रेत्याकडे आली, तोही 1774 ला गेला, मग जॉन फेन या माणसाने घेतली आणि 1787 मध्ये पहिले दोन खंड छापले. फेनने त्या दोन खंडांतली मूळ पत्रं तिसऱ्या जॉर्ज राजाला भेट दिली, बदल्यात सर पदवी मिळाली, आणि ती पत्रं जी गायब झाली ती सापडली एकदम 1889 मध्ये सफकमधल्या एका बंगल्यात!! म्हणजे ब्लूमफील्डने कोपऱ्यात ढीग केला नसता तर काय झालं असतं कोण जाणे.

त्यातलंच एक 1477 च्या फेब्रुवारीतलं, मार्जरी ब्रूज नावाच्या मुलीने जॉन पास्टनला लिहिलेलं. इंग्रजीतलं सगळ्यात जुनं व्हॅलेंटाइन म्हणून दरवर्षी मिरवतात. पण पूर्ण वाचलं तर पत्राचा विषय हुंडा आहे. बाप आकडा वाढवायला तयार नाही, आईने खूप प्रयत्न केले पण वाढत नाही, तरी तुझं माझ्यावर प्रेम असेल तर तू सोडणार नाहीस, असं ती पोर लिहिते. त्याच वर्षी लग्न झालं, एवढं बरं.

शेणसडा

एवढं कौतुक चाललंय म्हणून थोडं विरजण घालतो. ब्लूमफील्ड मी बराच वाचलाय. प्रत्येक गावात तेच, डूम्सडे बुकात (राजाने करवलेली जमिनींची नोंदवही) 1086 ला जमीन कोणाची, मग मॅनर म्हणजे जमीनदारी कोणाकडून कोणाकडे गेलं, चर्चवर पाद्री नेमायचा हक्क कोणाचा, पाद्र्यांची यादी, थडगी. नांगर धरणारा माणूस कुठाय? विणकरांच्या जिवावर नॉरिच मोठं झालं, पण गावांच्या पानांवर तुम्हाला दिसतो तो जमीनदार. वर्गणीदार कोण होते ते आठवा म्हणजे कळेल, ज्याच्या पैशाने छापायचं त्याचे आजे-पणजे आत येणारच.

जुनं_दफ्तर

शेणसडा, मान्य, पण 1739 च्या माणसाकडून 2000 सालचा सामाजिक इतिहास मागू नका की. आपले इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव दफ्तरं धुंडाळत हिंडले तेव्हाही आधी हाती लागले ते सरदारांचेच कागद. आणि एक उपयोग विसरताय. त्याने पाहिलेल्या कितीतरी रंगीत काचा, थडग्यांवरच्या पितळी पट्ट्या आज जागेवर नाहीत. चोरीला गेल्या, फुटल्या, चर्चच्या दुरुस्तीत काढून टाकल्या. त्यांच्यावर काय लिहिलं होतं ते आज त्याच्या पानातच मिळतं. मी कुठल्याही चर्चमध्ये जाताना त्या गावाचं पान मोबाइलवर उघडून जातो आणि भिंतीवर फक्त खिळ्यांची भोकं शिल्लक असतात, त्या वेळी माणसाला हात जोडावेसे वाटतात.

ब्यूरकाठची

बापरे, केवढं लिहिलंत, मनापासून आभार. ऑक्सनेडवरून आम्ही दर रविवारी फिरायला जातो आणि मला यातलं काहीही माहीत नव्हतं!! बरं मग ब्लूमफील्ड आणि पार्किननंतर कोणी नीट, गावागणिक, पूर्ण इतिहास लिहिलाच असेल ना? अडीचशे वर्षं झाली.

जुनं_दफ्तर

तीच तर गंमत. 1899 मध्ये व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी नावाचा प्रचंड प्रकल्प निघाला, इंग्लंडच्या सगळ्या काउंट्यांचा इतिहास. नॉरफोकचा एक खंड आला 1901 ला, दुसरा 1906 ला, दोन्ही सर्वसाधारण माहितीचे, आणि तिथेच गाडी रुतली. गावागणिक खंड नाहीतच. त्यामुळे अख्ख्या काउंटीसाठी आजही हेच दोन पाद्री.

ब्यूरकाठची

म्हणजे अर्धवटाच्या जागी दुसरं अर्धवट. लेकीला सगळं सांगितलं तर तिने वहीत लिहिलंय, ‘हे ब्लूमफील्ड नाहीतर पार्किन म्हणतो, ब्लूमफील्डला देवी झाल्या होत्या’. बाई काय म्हणतील ते बघू. आणि आता तिला फर्सफील्डच्या चर्चमधला तो लाकडाचा रंगवलेला सरदार बघायचाय, 1311 ला वारलेला, ब्लूमफील्डला पुरलंय तेच चर्च. पुढच्या शनिवारी जायचा विचार आहे. चर्च उघडं असतं का, का कोणाकडून किल्ली घ्यावी लागते? कोणी गेलं असेल तर सांगा.