फ्लोरिडा २०००: त्या ३६ दिवसांचे तुमचे अनुभव

परवा जेवताना लेकीने विचारलं, "आई, ५३७ मतांनी कुणी राष्ट्राध्यक्ष होतं का गं?" शाळेत त्यांना २००० सालची रिपब्लिकन बुश विरुद्ध डेमोक्रॅट गोर ही अमेरिकी निवडणूक अभ्यासाला आहे. सांगायला बसले आणि ताटावरचा हात वाळला. आम्ही तेव्हा फ्लोरिडातल्या टँपात नवे होतो. एच-वन या नोकरीच्या व्हिसावर असल्यामुळे मत नव्हतं, पण ७ नोव्हेंबरच्या रात्री टीव्हीसमोरून हललो नाही. आठ वाजायच्या आत वाहिन्यांनी फ्लोरिडा गोरना दिली, दहाच्या सुमारास काढून घेतली, मध्यरात्रीनंतर सव्वादोनला बुशना दिली आणि चारच्या सुमारास तीही परत घेतली. देशभरात गोरना पाच लाखांहून जास्त मतं अधिक होती. तरी सगळं अडलं ते या एका राज्याच्या २५ इलेक्टोरल मतांवर, म्हणजे राष्ट्राध्यक्ष ठरवणाऱ्या, राज्यवार वाटलेल्या मतांवर. फेरमोजणी आणि कोर्ट होऊन ३६ दिवसांनी सुटलं: बुश २७१, गोर २६६.

कोण जिंकायला हवं होतं हा वाद इथे नको. तुम्ही कुठे होतात, काय पाहिलंत, ते लिहा.

पाम बीच काउंटी (फ्लोरिडातला जिल्हा), पहिलंच मत

त्याच वर्षी नागरिकत्व मिळालं होतं. साडी नेसून मतदानाला गेले होते. मतपत्रिका पुस्तकासारखी उघडलेली, नावं डाव्या आणि उजव्या पानावर, आणि भोकं मधोमध एका उभ्या रांगेत. डावीकडे पहिले बुश, दुसरे गोर. साहजिकच वाटतं की दुसरं भोक गोरचं. पण दुसरं भोक उजव्या पानावरच्या ब्युकॅनन या तिसऱ्याच पक्षाच्या उमेदवाराचं होतं, गोरचं तिसरं. मी टोच्या हातात घेऊन बाणाकडे बघत राहिले. मागे रांग होती, कुणाला विचारायचा संकोच वाटला. टोचलं आणि बाहेर आले.

संध्याकाळी शेजारच्या आजी रडत आल्या. त्यांनी चुकलं म्हणून दुसरंही भोक पाडलं होतं. दोन भोकं म्हणजे मत बाद. आमच्या काउंटीत अशी सुमारे १९,००० मतं बाद झाली. ब्युकॅनन यांना ३,४०० च्या आसपास मतं पडली, आणि त्यातली बरीचशी आपली नसावीत हे त्यांनी स्वतःच कबूल केलं. माझं मत कुठे गेलं हे मला आजही माहीत नाही. नवऱ्याला मात्र मी वर्षानुवर्षं सांगत आले की बरोबर पडलं. इथे पहिल्यांदा खरं लिहिते आहे.

पेन्सकोला

ताई, तुमचं वाचून गलबलून आलं. मी दुसऱ्या बाजूचा, बुशचा मतदार. पण दुखणं आमच्याकडेही होतं. फ्लोरिडाचा पश्चिमेकडचा पट्टा सेंट्रल वेळेत येतो, आमचं मतदान राज्याच्या इतर भागापेक्षा एक तास उशिरा संपतं. कामावरून धावतपळत निघालो, गाडीत रेडिओ चालू होता. सातला दहा मिनिटं कमी असताना सांगितलं, फ्लोरिडा गोरना गेली. आमची केंद्रं अजून उघडी होती! मी पोचलो, मत दिलं. सोबतचा सहकारी मात्र "आता काय उपयोग" म्हणून वाटेतूनच घरी वळला. पुढे महिनाभर बुशच्या आघाडीचा आकडा खाली खाली येताना बघत होतो आणि तो सहकारी माझ्यासमोर बसून डबाही खात नव्हता.

पुणे, एका सांध्यदैनिकात उपसंपादक

आपल्याकडे तेव्हा ८ नोव्हेंबरची दुपार. पावणेएकला बुश जिंकल्याचं सीएनएनवर आलं, वृत्तसंस्थेचीही बातमी आली. आमचं पान एकला सोडायचं असायचं. 'बुश विजयी' आठ कॉलम मथळा लावला, पान सोडलं, चहा मागवला. अडीचच्या सुमारास शिपाई कप ठेवत होता तेवढ्यात पडद्यावर फ्लोरिडा पुन्हा अधांतरी. गोरनी फोन करून पराभव मान्य केला आणि तो मागेही घेतला! मी छपाईखान्याकडे जिना उतरत पळालो. यंत्र चालू झालं होतं, गठ्ठे बांधले जात होते. यंत्र थांबवलं, नवी प्लेट केली, पण पहिली गाडी स्टेशनकडे निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी कळलं, अमेरिकेतल्या काही दैनिकांचंही हेच झालं. त्याने माझं समाधान झालं नाही. मथळा मी लिहिला होता.

नॅशव्हिल

मी विद्यार्थी होते, गोरच्या समर्थकांबरोबर वॉर मेमोरियल प्लाझात रात्रभर पावसात. भाषण करायला ते निघाले आहेत असं कळलं, माणसं रडायला लागली. पण ते आलेच नाहीत. प्रचारप्रमुख विल्यम डेली आले आणि म्हणाले, आपला प्रचार चालूच आहे. भिजलेल्या गर्दीने जो आवाज केला! सगळे फ्लोरिडाबद्दल बोलतात, मला मात्र टेनेसीच सलते. गोरचं स्वतःचं राज्य, ११ इलेक्टोरल मतं. ते जिंकले असते तर फ्लोरिडाची गरजच नव्हती.

गेन्सव्हिल

मी ग्रीन पक्षाच्या नेडरना मत दिलं. फ्लोरिडात त्यांना ९७,४८८ मतं पडली, त्यातलं एक माझं. पटलं होतं म्हणून दिलं. गोरची मतं फोडली म्हणून त्यानंतर दोन वर्षं मित्रांच्या घरी मला कुणी बोलावलं नाही. एवढंच.

ब्राउर्ड काउंटी, मोजणीला निरीक्षक

मतांची हाताने फेरमोजणी चालू होती; थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरअखेरच्या अमेरिकी सणाच्या सुट्टीतही आम्ही तिथेच होतो. एका टेबलाला दोन्ही पक्षांचे निरीक्षक, मध्ये मोजणारे. कार्डाला आम्ही हात लावायचा नाही. मोजणारी बाई एकेक कार्ड उजेडासमोर धरायची. भोकातून सुटणारा तो कागदाचा कण म्हणजे चॅड. तो एका कोपऱ्याला लोंबकळतोय की नुसता फुगलाय, यावर भांडण. कार्ड हाताळताना कण टेबलावर सांडायचे, तांदळाच्या कण्यांइतके. समोरचा निरीक्षक बुशवाला, रोज त्याच्याशी वाद घालायचे. शेवटच्या दिवशी त्याने घरून आणलेला 'पाय' (सणाचा भाजलेला गोड पदार्थ) मला अर्धा दिला.

१२ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने मोजणी थांबवली. दुसऱ्या रात्री गोरचं भाषण मी उभ्यानेच ऐकलं. पण खरं रडू आलं ते ६ जानेवारीला. काँग्रेसमध्ये इलेक्टोरल मतं मोजायला उपराष्ट्राध्यक्ष या नात्याने गोरच अध्यक्षस्थानी होते. फ्लोरिडाच्या मतांवर त्यांच्याच पक्षाचे प्रतिनिधी एकामागून एक हरकत घ्यायला उभे राहिले. हरकतीवर तेव्हा एका सेनेटरची सही लागायची, एकाचीही नव्हती. प्रत्येक वेळी गोर त्यांना नियम सांगून खाली बसवत होते, आणि शेवटी बुश यांच्या विजयाचे आकडेही त्यांनीच वाचले. माझ्या पर्सच्या तळाशी त्या टेबलावरचे दोन-चार कण अजून निघत होते.