बोलोन्यात खरं पारंपरिक जेवण कुठं मिळेल? सोबत सासूबाई आहेत, अंडंही चालत नाही

कृष्णाकाठ (सांगली)
नमस्कार मंडळी, मुलगा इटलीत बोलोन्याला शिकायला आहे, ऑक्टोबरात आम्ही दोघं आणि सासूबाई त्याच्याकडं चाललोय. आम्हाला तिथलं जुन्या पद्धतीचं जेवण खायचंय पण मॅपवर बघावं तर सगळ्यांनाच चारच्या वर स्टार आणि सगळीकडं तेच फोटो, काही कळेना. सासूबाई पक्क्या शाकाहारी, त्यांचे हाल व्हायला नकोत. कुणी राहिलंय का तिकडं?

मिरजेचा_वाटसरू
ताई, मी नोकरीला होतो तिथं. आधी दारावरचा मेनू वाचा, स्पॅगेटी बोलोनेझ दिसलं की सरळ पुढं निघा. तिथली माणसं रागू, म्हणजे सावकाश शिजवलेल्या खिम्याचा सॉस, तालियातेल्ले नावाच्या चपट्या पट्ट्यांच्या पास्त्याबरोबर खातात आणि ती पट्टी शिजल्यावर ८ मिलिमीटर रुंद भरावी असं १९७२ साली तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये नोंदवून ठेवलंय, इतकी कडक आहेत ती याबाबतीत. आपल्याकडं मार्केट यार्डात हमाल-व्यापारी जिथं जेवतात ती खानावळ चांगली असते ना, तसंच दुपारी ऑफिसातली माणसं कुठं घुसतात ते बघा. व्हिया मेंताना गल्लीत ओस्तेरिया देल्लोर्सा आहे, पोरांची गर्दी असते, परवडतं पण. जरा निवांत बसायचं तर त्रात्तोरिया आन्ना मारिया, तिथं आधी बुकिंग करा. फक्त रागूत बीफ आणि पोर्क दोन्ही असतं, तोर्तेल्लिनी या सारण भरलेल्या पास्त्यातही पोर्क, हे घरात आधी बोलून घ्या.

हळदीचा_गाव
वहिनी, सासूबाईंचं मी सांगते, माझी आई पण अशीच. बोलोन्याचा ताजा पास्ता अंड्यातच मळतात, त्यामुळं रिकोटा चीज भरलेला तोर्तेल्लोनी पास्ता, म्हणजे तोर्तेल्लोनी, शाकाहारी म्हणून कुणी पुढं केले तरी त्यांना चालणार नाहीत. पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायला घालतात ते, असतं आणि क्रेशेंतिने नावाच्या पुऱ्या बऱ्याच ठिकाणी डुकराच्या चरबीत तळतात, तेही विचारा. त्यांच्यासाठी "पास्ता सेक्का, सेन्त्सा उओवा" म्हणा, म्हणजे अंड्याशिवायचा सुका पास्ता, तो टोमॅटो सॉसमध्ये, वर चीज नको. पिझ्झा मारिनारावर चीज नसतंच. आणि मेर्कातो देल्ले एर्बे मंडईतनं भाजी आणून मुलाच्या खोलीवर भात-आमटी करा, म्हाताऱ्या माणसाला तेच बरं वाटतं.

कृष्णाकाठ (सांगली)
रेनेटचं तर माहीतच नव्हतं गं, बरं झालं सांगितलंस. दादा, रात्री जेवायला किती वाजता मिळतं? सासूबाईंना सातला लागतं.

मिरजेचा_वाटसरू
सातला बहुतेक ठिकाणी किचन बंदच असतं ताई, साडेसातच्या पुढं सुरू. दुपारी साडेबारा ते अडीच. त्यामुळं मोठं जेवण दुपारीच करा, गर्दीही कमी. बिलात माणशी दोन-तीन युरो कोपेर्तो लावतात, तो बसण्याचा आणि ब्रेडचा नेहमीचा आकार आहे, वेगळी टिप द्यायची गरज नाही.

कृष्णाकाठ (सांगली)
मग आन्ना मारियाचं बुकिंग दुपारचंच करायला सांगते पोराला.